सेकंदाला तीनशे अक्षरं

किनारा दिसेनासा झाला की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते. तिथून पुढच्या बंदरापर्यंत, मग ते चार दिवसांवर असो की चार आठवड्यांवर, शिडाच्या नौकेवरची ईमेल गेली वीसेक वर्षं उपग्रह फोनवरून ये-जा करत आली आहे. या फोनच्या डेटाचा वेग ऐकला की आधी कानांवर विश्वास बसत नाही. इरिडियम या उपग्रह कंपनीच्या हातातल्या फोनवर तो सेकंदाला २,४०० बिट असतो, म्हणजे रोमन लिपीतली तीनशे अक्षरं. आपल्या मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा एक फोटो या वेगानं पाठवायचा तर पावणेतीन तास लागतील, आणि बिल मिनिटावर चढत राहील.

वेग इतका कमी का? इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून, दोन्ही ध्रुवांजवळून जात, शंभरेक मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतात. ताशी सत्तावीस हजार किलोमीटर वेगानं पळणाऱ्या या उपग्रहाशी फोनच्या वीतभर अँटेनानं बोलायचं असतं. शिवाय ही यंत्रणा नव्वदच्या दशकात आखली गेली ती बोलण्यासाठी. माणसाचा आवाजही दाबून दाबून २,४०० बिटांत बसवलेला. डेटाच्या वाट्याला तेवढीच चिंचोळी वाट आली. २०१७ ते २०१९ या काळात जुन्यांच्या जागी नवे उपग्रह गेले, त्यांच्यावर वेगवान सेवाही आहे. पण तिला वेगळं उपकरण लागतं.

डोक्यावर आलेला उपग्रह आठ-दहा मिनिटांत क्षितिजाखाली जातो आणि फोन पुढच्या उपग्रहाच्या हाती दिला जातो. नेमकी त्याच क्षणी नौका कलली, किंवा डोलकाठी आडवी आली, तर जोडणी तुटते. म्हणून जुने जाणते नाविक मागच्या कठड्यावर बाहेरची अँटेना पक्की बसवतात आणि वायर केबिनमधल्या फोनला जोडतात. ईमेलचा प्रोग्रॅमही खास असतो: मजकूर दाबून लहान करतो, जोडलेल्या फाइल बाजूला ठेवून आधी फक्त विषय दाखवतो, आणि जोडणी तुटली तर जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू करतो. घरच्या लॅपटॉपला मात्र यातलं काहीच ठाऊक नसतं. इंटरनेट मिळालं म्हणताच तो गुपचूप अपडेट उतरवायला लागतो, आणि त्या चिंचोळ्या वाटेवर ईमेल अडकून पडते. एका ठरावीक प्रोग्रॅमखेरीज सगळ्यांना अडवणारा छोटा राउटर मध्ये बसवणं, हा या सगळ्या मांडणीतला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

आता हवामान. समुद्रावर खरी गरज असते ती वाऱ्याच्या अंदाजाची, आणि तो येतो ग्रिब नावाच्या फाइलमधून. ही फाइल म्हणजे नकाशाचं चित्र नसतं, नुसते आकडे असतात. चित्र लॅपटॉप स्वतः काढतो. समजा, अरबी समुद्राचा १० ते २० अंश उत्तर, ६० ते ७५ अंश पूर्व एवढा तुकडा मागवला. एकेका अंशावर एक बिंदू धरला तर १७६ बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर वाऱ्याचे दोन आकडे आणि हवेच्या दाबाचा एक, दर सहा तासांनी, दोन दिवसांपर्यंत: एकूण ४,७५२ आकडे. एका आकड्याला दहा बिट धरले तर सगळा अंदाज वीस सेकंदांत उतरतो. हौसेनं पाव अंशाची बारीक जाळी मागितली की तोच अंदाज पावणेपाच मिनिटं घेतो. मोकळ्या समुद्रावर वारा पाव अंशागणिक सहसा बदलत नाही, त्यामुळे ती बारकाई बहुतेक वेळा वाया जाते. मागणी करायची रीतही सुटसुटीत: तुकडा, जाळी आणि दिवस सांगणारी एक ओळ ईमेलनं पाठवायची, उत्तरात फाइल येते.

आणि मराठी? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, संगणकात तीन बाइट घेतं; रोमन अक्षर एकच बाइट, म्हणजे आठ बिट. ‘मी सुखरूप आहे’ हे देवनागरीत ३५ बाइट होतं, रोमनमध्ये १५. आपल्या लिपीवर कितीही माया असली तरी भर समुद्रातून हा हिशेब करावाच लागतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागते. भारतात परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणं हा गुन्हा आहे. सरकारमान्य सेवा बीएसएनएलमार्फत, इनमारसॅटच्या उपग्रहांवरून मिळते.

गेल्या काही वर्षांत स्टारलिंक या वेगवान उपग्रह इंटरनेटच्या तबकड्या नौकांवर दिसू लागल्या आहेत. व्हिडिओ कॉल होतो, घरच्यांचे चेहरे दिसतात, आणि त्याचं मोल एकट्या माणसाला विचारावं. पण तबकडीला दिवसभर वीज लागते, आणि ती नौकेच्याच बॅटरीतून जाते. नौका उलटली, बॅटरीत पाणी गेलं, तर तबकडी मुकी होते. स्वतःची बॅटरी असलेलं हातातलं यंत्र मात्र चालू राहतं. म्हणून ते काढून टाकू नये, असं मी आग्रहानं म्हणेन.

१९६८-६९ मध्ये ब्रिटिश नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या नौकेतून एकट्यानं, न थांबता, ३१२ दिवसांत जगाला फेरी मारून आले. वाटेत रेडिओ बिघडला आणि कित्येक महिने ते जिवंत आहेत की नाही हे कुणालाच कळेना. त्याच सुहेलीच्या धर्तीवर गोव्यात ‘थुरिया’ बांधली गेली, आणि ती घेऊन कमांडर अभिलाष टॉमी एकट्यानं जगाला फेरी मारण्याच्या २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळानं थुरिया उलटवली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. नेहमीचा उपग्रह फोन निकामी झाला. दुसरा आणीबाणीच्या पिशवीत होता, पण तिथवर सरकणंही कठीण. जवळ राहिलं ते फक्त लघुसंदेश पाठवणारं छोटं यंत्र. त्यावरून तुटक शब्द येत राहिले: उलटलो, डोलकाठी गेली, पाठीला गंभीर इजा, उठता येत नाही. पुढे: चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल बहुधा.

२४ सप्टेंबरला फ्रान्सचं ‘ओसिरिस’ हे मासेमारीवर देखरेख ठेवणारं जहाज तिथे पोचलं. त्याची माणसं रबरी होडीतून थुरियावर आली, आणि टॉमींना त्यांनी स्ट्रेचरवरून बाहेर काढलं.