सीमाभागातला पेशंट आणि आरोग्य-नोंदींची राष्ट्रीय मानके

निपाणीची सून पहिल्या बाळंतपणाला गडहिंग्लजला माहेरी जाते. अथणीचा हृदयरोगी मिरज गाठतो, चंदगडचा बेळगावला येतो. कर्नाटकात गरोदरपणाची नोंद तायी कार्डावर असते, पलीकडे महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्डावर. तपासण्या त्याच, पण एका राज्यातली नोंद दुसऱ्या राज्यातल्या संगणकाला वाचता येत नाही, म्हणून पेशंटला पुन्हा रक्त द्यावे लागते आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात.

यावर देशपातळीवरचे पहिले ठोस पाऊल २०१३ मध्ये पडले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींची मानके जाहीर केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती सुधारली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, भारत स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दावलीचा सदस्य देश झाला. तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे आणि देशात ती विनामूल्य वापरता येते.

निदान आणि लक्षणांसाठी स्नोमेड, प्रयोगशाळेतल्या तपासण्यांसाठी लॉइंक, एक्स-रे आणि स्कॅनसाठी डायकॉम, आजारांच्या आकडेवारीसाठी आयसीडी-१० अशी या मानकांत कामाची वाटणी आहे. यात लॉइंकचे, म्हणजे तपासण्यांना ठरावीक कोड देणाऱ्या यादीचे, मोल सर्वांत कमी ओळखले जाते. क्रिएटिनिन एका लॅबमध्ये १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येते. तेच दुसऱ्या लॅबने मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये दिले तर आकडा १०६ होतो. लॉइंकमध्ये पहिल्याचा कोड २१६०-०, दुसऱ्याचा १४६८२-९. कोड आणि एकक सोबत नसेल तर दोन्ही आकडे संगणक एकाच आलेखात टाकील आणि मूत्रपिंड निकामी झाल्याचा भास होईल. प्रत्येक लॅबची स्वतःची आखूड नावे असतात. ती लॉइंकला जोडण्याचे काम तंत्रज्ञ आणि पॅथॉलॉजिस्टने एकत्र बसूनच करावे, आधी रोजच्या तपासण्या घेऊन.

१५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांतल्या प्रायोगिक टप्प्यानंतर २७ सप्टेंबर २०२१ पासून ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन म्हणून देशभर लागू झाले. पेशंटची आरोग्य-ओळख म्हणून मिळणारा १४ अंकी आभा क्रमांक यातलाच. नोंदी मूळ दवाखान्यातच राहतात. पेशंटने संमती दिली की नोंदींच्या देवाणघेवाणीच्या ‘फायर’ या मानकाच्या साच्यात दुसरीकडे जातात.

सीमाभागात गाडी अडते ती ओळख पटवताना. जुनी नोंद शोधायला मोबाइल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष पाहतात. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेले, आडनाव कुठे आधी तर कुठे शेवटी, जन्मवर्ष अंदाजाने सांगितलेले, घरात चौघांत एकच मोबाइल. यातले काही जुळले नाही तर नोंद सापडेलच असे नाही. म्हणून केसपेपर काढतानाच नाव आधारप्रमाणे घ्यावे आणि आभा क्रमांक तिथेच जोडावा.

दुसरी अडचण पीडीएफची. साच्यात नुसता स्कॅन केलेला कागद घालूनही नोंद पाठवता येते आणि बरेच जण तेवढ्यावर थांबतात. डॉक्टर तो वाचू शकतात, पण मागच्या सहा महिन्यांची साखर एका ओळीत दिसत नाही, आणि मधुमेहाच्या पेशंटला नेमके तेच हवे असते.

सॉफ्टवेअर घेणाऱ्या छोट्या दवाखान्याने विक्रेत्याला मिशनचे तीन टप्पे विचारावेत: आभा तयार करणे व पडताळणे, आपल्या नोंदी जोडून पाठवणे, आणि संमतीने बाहेरच्या नोंदी पाहणे. पहिलाच टप्पा पूर्ण असलेल्या ठिकाणी क्रमांक मिळतो, पण बेळगावचा रिपोर्ट मिरजेला पोहोचत नाही.