केमोची वेळ आणि डोळ्यांवरचा हेडसेट

कॅन्सरची केमो म्हटलं की केस गळणं आणि उलट्यांबद्दल सगळे बोलतात, पण त्या खुर्चीत तासन् तास सलाईनचे थेंब बघत बसणं किती जिवावर येतं ते बसणाऱ्यालाच माहीत. काहींना तर नुसता हॉस्पिटलचा वास आला की मळमळायला लागतं, औषध अजून अंगात गेलेलंही नसतं! हे नाटक नाही हो, मागच्या वेळचा त्रास आणि तो वास यांची मेंदूत गाठ बसलेली असते.

इथे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे डोळ्यांवरच्या हेडसेटमध्ये दिसणाऱ्या कॉम्प्युटरच्या जगाचा, उपयोग होऊ शकतो. हेडसेट घातला की समोरची खोली दिसेनाशी होते, मान वळवाल तसं दृश्यही वळतं, आणि लक्ष द्यायची मेंदूची ताकद ठरावीकच असल्यामुळे ती तिकडे खर्च झाली की वेदनेच्या वाट्याला कमी येते. अमेरिकेत सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात भाजलेल्या पेशंटवर हे करून बघितलं. पुढे अशा पेशंटसाठी हेडसेटमध्ये खास बर्फाळ जग बनवलं, इकडे जखमेचं ड्रेसिंग चालू आणि तिकडे पेशंट बर्फाच्या दरीत स्नोबॉल मारतोय. २००४ मध्ये एमआरआयमध्ये मेंदूच्या वेदनेशी संबंधित पाच भागांतली हालचालही कमी झालेली दिसली.

केमोवर अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक सुझन श्नायडर यांनी काम केलं. २००७ च्या त्यांच्या अभ्यासात ब्रेस्ट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे १२३ पेशंट होते, प्रत्येकाला एका केमोला हेडसेट आणि एका केमोला नाही. समुद्राखाली पोहा, चित्रांच्या म्युझियममध्ये फिरा, काय हवं ते निवडा. पेशंटना वेळ कमी गेल्यासारखा वाटला, ८२ टक्के लोक परत वापरायला तयार होते. पण केमोनंतर लगेच किंवा दोन दिवसांनी विचारलं तर त्रासात म्हणावा असा फरक नव्हता, हेही तितकंच खरं. म्हणून उलटीचं औषध बंद करून हेडसेट घाला असं कुणी सांगत असेल तर अजिबात ऐकू नका. तरीही मला हे फार मोलाचं वाटतं, कारण पुढच्या केमोला यायची हिंमत खुर्चीतली ती लांबलचक वेळच खाते.

चक्कर येत असेल, फिट्सचा त्रास असेल किंवा मेंदूत गाठ असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच. आणि केमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात त्यामुळे इन्फेक्शन पटकन होतं, तेव्हा चेहऱ्याला टेकणारा हेडसेटचा भाग प्रत्येक पेशंटनंतर नीट पुसलाय का हे नर्सला बिनधास्त विचारा.