९.६ चं कुलूप

एका वाचनालयाचा जुना संगणक बंद पडला आणि त्याची हार्ड डिस्क कापडी पिशवीतून माझ्याकडे आली. पुस्तकांची आणि सभासदांची सगळी सूची त्या डिस्कवर, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. बॅकअपचं विचारलं, तर "डिस्क आहे की!" असं उत्तर मिळालं. पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरमध्ये 'पीजी व्हर्जन' नावाची एक चिमुकली फाइल असते. ती उघडली. आत एवढंच लिहिलेलं: ९.६.

ही फाइल म्हणजे कुलूपच. डिस्कवर माहिती कशी मांडायची हे पोस्टग्रेसच्या दर मोठ्या आवृत्तीत थोडंफार बदलतं, त्यामुळे पोस्टग्रेस १७ चा सर्व्हर, म्हणजे डेटाबेस चालवणारा प्रोग्राम, ९.६ च्या फोल्डरवर सोडला तर तो सुरूच व्हायला नकार देतो. ९.६ आली २०१६ मध्ये, आणि २०२१ मध्ये तिची देखभाल थांबली. माझ्या नव्याकोऱ्या लिनक्सच्या पॅकेजांत तिचा पत्ता नव्हता. मग राहिला एकच मार्ग: तिचा सी भाषेतला सोर्स कोड उतरवून घ्यायचा आणि घरी कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून यंत्राला चालवता येईल असा प्रोग्राम बनवायचा. डिस्कवरचा पोस्टग्रेस प्रोग्राम नेमका ९.६.३ चा होता, म्हणून मीही हट्टाने नेमकी ९.६.३ च आणली. हा हट्ट पुढे नडला.

पहिली पायरी 'कॉन्फिगर' नावाच्या स्क्रिप्टची. स्क्रीनवर ओळीमागून ओळी धावतात, आणि बहुतेकांना वाटतं की ती संगणकात फाइली शोधते आहे. प्रत्यक्षात तिचं काम गमतीचं आहे. ती चार-दहा ओळींचा एक फुटकळ सी प्रोग्राम लिहिते, तो कंपाइल होतो का पाहते, फेकून देते आणि पुढचा लिहिते. शितावरून भाताची परीक्षा, अशी शेकडो शितं. ही गोष्ट कळली की कॉन्फिगरच्या तक्रारी नीट वाचता येतात. झेडलिब ही माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. 'झेडलिब सापडली नाही' याचा खरा अर्थ एवढाच, की झेडलिब वापरणारा तिचा छोटा प्रोग्राम तयार झाला नाही. तो का झाला नाही, ते कंपाइलरच्या शब्दांत 'कॉन्फिग डॉट लॉग' या फाइलमध्ये असतं. ती फाइल लांबलचक आणि कंटाळवाणी आहे, पण इंटरनेटवर उत्तर धुंडाळण्याआधी तीच उघडावी.

मला आधी रीडलाइन (टाइप केलेली ओळ सुधारू देणारी लायब्ररी) आणि मग झेडलिब अडली. झेडलिब तर मशीनवर होतीच. कितीतरी प्रोग्राम तिच्यावर चालतात. मग 'नाही' कसं? इथे लिनक्समधली एक जुनी वाटणी आडवी येते. लायब्ररीचे दोन भाग असतात. एक प्रत्यक्ष यंत्रसंकेत, जो चालू प्रोग्रामला लागतो. दुसरा हेडर फाइली, ज्यांत फक्त लिहिलेलं असतं की या नावाचं फंक्शन आहे, ते अमुक घेतं आणि तमुक परत देतं. ज्याला फक्त प्रोग्राम वापरायचे आहेत त्याला हेडर लागत नाहीत, म्हणून ते वेगळ्या पॅकेजात ठेवतात. डेबियन-उबुंटूत त्या पॅकेजाच्या नावापुढे 'डेव्ह' लागतं, फेडोरात 'डेव्हल'. नव्याने कंपाइल करू पाहणाऱ्यांची पहिली संध्याकाळ बहुधा या एका प्रत्ययाने खाल्लेली असते.

जागेच्या व्यवहारात इसारपावती वेगळी आणि ताबा वेगळा, तसंच इथेही आहे. कंपाइलर हेडरची इसारपावती पाहून पुढे जातो. फंक्शन खरोखर कुठे आहे हे तो विचारत नाही. ताबा मागतो तो शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर. म्हणून 'अशी फाइल नाही' आणि शेजारी हेडरचं नाव दिसलं, तर पावती हरवली आहे. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' दिसलं, तर पावती आहे पण जागा सापडत नाही. सगळं तयार होऊनही चालवताना 'शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही' आलं, तर व्यवहार झाला, पण घराचा पत्ता प्रोग्राम चालू करणाऱ्या लोडरला कुणी सांगितलेला नाही. कुठल्या टप्प्यावर कोण बोलतंय, हे ओळखलं की अर्धा शोध संपला.

कॉन्फिगर पार पडलं. 'मेक', म्हणजे सगळ्या फाइली कंपाइल करवून घेणारा प्रोग्राम, चालवला आणि स्क्रीन एररनी भरून गेली. शेकडो. अशा वेळी माणूस शेवटच्या ओळीकडे पाहतो, कारण तीच समोर असते. पण शेवटची ओळ म्हणजे मेकने घातलेली बोंब असते, 'एरर १' वगैरे. तिच्यात काही नसतं. वर जाऊन पहिली एरर शोधायची. एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल करायला लावल्या असतील, तर सगळ्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात, म्हणून मी मेक पुन्हा चालवला, या वेळी एका वेळी एकच फाइल. पहिली तक्रार निघाली 'बूल' या शब्दाबद्दल.

खरं-खोटं साठवणारा बूल हा प्रकार सी भाषेत मुळात नव्हता. त्यामुळे जुन्या प्रकल्पांनी आपापला बूल घरीच बनवून घेतला होता. ९.६ नेही तो एका मध्यवर्ती हेडरमध्ये बनवला आहे, आणि तो हेडर पोस्टग्रेसची जवळपास प्रत्येक फाइल आत ओढते. सीच्या सी२३ या नव्या प्रमाणात मात्र बूल हा भाषेचाच राखीव शब्द झाला. माझ्या मशीनवरचा जीसीसी १५, म्हणजे २०२५ मध्ये आलेला कंपाइलर, काही सांगितलं नाही तर सी२३ धरूनच चालतो. त्याच्या लेखी हा कोड भाषेच्या शब्दावर हक्क सांगत होता. चूक एका ओळीची, तक्रारी शेकडो. उपायही एका ओळीचाच: कॉन्फिगर चालवताना कंपाइलरच्या नावासोबत 'जीएनयू१७ प्रमाण पाळ' असा पर्याय द्यायचा. २०१७ च्या व्याकरणाने वाचलेला २०१६ चा कोड लगेच शुद्ध ठरला.

जीसीसी १४ ने २०२४ मध्ये असाच एक धक्का दिला होता. आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर जुना कंपाइलर नुसती ताकीद देऊन पुढे जायचा. सी९९ या प्रमाणाने ही सवलत काढून घेतली होती, तरी पंचवीसेक वर्षं सगळ्यांनी कानाडोळा केला. आता ती एरर आहे. यातली वाईट गोष्ट अशी, की जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधली छोटी शितं याच कारणाने कच्ची राहतात आणि स्क्रिप्ट गुपचूप ठरवते की 'ही सोय या मशीनवर नाही'. एरर येतच नाही, फक्त तयार होणारा प्रोग्राम पांगळा निघतो. मला ओरडणाऱ्या एररपेक्षा हा प्रकार जास्त भीतीदायक वाटतो.

मेक पुन्हा सुरू केला. बराच वेळ सुरळीत चाललं, आणि 'पीजी रिवाइंड' या उपप्रोग्रामाशी येऊन अडलं. तक्रार: 'कॉपी फाइल रेंज' या नावाच्या दोन घोषणा एकमेकींशी जुळत नाहीत. पोस्टग्रेसच्या लेखकांनी फाइलचा तुकडा नकलून घेणारं एक फंक्शन लिहिलं आणि त्याला साधं, सरळ नाव दिलं. पुढे लिनक्सच्या गाभ्यात याच नावाची सोय आली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्लिबसी २.२७ ने, म्हणजे लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीने, त्याच नावाचं फंक्शन हेडरमध्ये जाहीर केलं. सी भाषेत फंक्शनांना आडनाव नसतं. एका वाड्यात दोन बाळासाहेब झाले की टपाल कुणाचं, यावरून भांडण ठरलेलं. पोस्टग्रेसच्या कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं. फक्त शेजारी नवीन बिऱ्हाड आलं होतं.

पोस्टग्रेसने त्याच्या आधीच, जानेवारी २०१८ मध्ये, आपल्या फंक्शनचं नाव बदललं होतं, आणि ही दुरुस्ती ९.६.७ मध्ये आली. माझा हट्ट ९.६.३ चा! तिसरा आकडा फक्त दुरुस्त्यांचा असतो आणि डिस्कवरची मांडणी त्याने बदलत नाही, हे ठाऊक असूनही मी विसरलो होतो. शेवटची ९.६.२४ आणली आणि मेक शेवटपर्यंत गेला. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून पोस्टग्रेस चालत नाही, डेटा फोल्डर इतरांना उघडा असलेलाही त्याला खपत नाही; ते दोन्ही सोपस्कार उरकले आणि सर्व्हर उठला.

उठला म्हणून सारं ठीक असं नाही. सूची पटकन शोधता यावी म्हणून डेटाबेस इंडेक्स ठेवतो, आणि तो अक्षरांच्या क्रमाने लावलेला असतो. तो क्रम जुन्या डेटाबेसमध्ये ग्लिबसीकडून आला होता. ऑगस्ट २०१८ मधल्या ग्लिबसी २.२८ ने क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या क्रमाने लावलेल्या इंडेक्सात नव्या क्रमाने शोधलं, तर असलेलं पुस्तकही 'नाही' म्हणून येऊ शकतं. म्हणून त्या सर्व्हरवर एकही शोध न घेता सगळा मजकूर ओतून बाहेर काढायचा आणि नव्या आवृत्तीत भरायचा असं ठरवलं. भरताना इंडेक्स नव्याने बांधले जातात.

एव्हाना हात बसला होता, म्हणून १७ सुद्धा सोर्समधूनच घ्यायचं ठरवलं. तिथे कॉन्फिगर म्हणालं: आयसीयू लायब्ररी सापडली नाही. खाली मदतीची ओळही होती, की आयसीयू नको असेल तर 'विदाउट आयसीयू' लिहा. असे सल्ले अडलेल्या माणसाला देवासारखे वाटतात. मीही टाइप करायला घेतलं होतं. पण भाषांप्रमाणे अक्षरांचा क्रम लावणारे नियम आयसीयूत असतात, मराठीचे सुद्धा. युनिकोडच्या तक्त्यात ळ बसला आहे ल च्या लगेच पुढे, व च्या आधी. निव्वळ क्रमांकांनी लावलं तर काळे, कावळे, काशीकर अशी यादी येते. शाळेत आपण मात्र ळ म्हणतो तो ह झाल्यावर.

डेव्ह प्रत्ययाचं पॅकेज बसवलं, पुन्हा कंपाइल केलं, मराठीच्या नियमाने डेटाबेस उभारला आणि सभासदांची यादी छापून नेली. ग्रंथपाल बाईंनी चष्मा लावून क वर बोट ठेवलं. कावळे, काशीकर, काळे. "बरोबर," म्हणाल्या, आणि पुढचं पान मागितलं.