चिनी शहरांतील अंतर्गत स्थलांतरित : नागरी सेवा व सामाजिक समावेश

नोंदणी एका गावात आणि पोटापाणी दुसऱ्या शहरात, अशी स्थिती असलेल्या माणसांना चिनी सरकारी दप्तरात 'तरती लोकसंख्या' म्हणतात. २०२० च्या जनगणनेत ती ३७ कोटी ५८ लाख भरली. त्याआधीच्या, २०१० च्या जनगणनेत ती सुमारे २२ कोटी होती. तिच्यातला मोठा गट खेड्यांतून आलेल्या 'नोंगमिनगोंग' म्हणजे शेतकरी-कामगारांचा आहे. ही माणसे कागदावर शेतकरी असतात. प्रत्यक्षात गवंडी, शिलाई कामगार, वेटर, घरकाम करणाऱ्या बायका, आणि अलीकडे दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवणारी पोरे. २०२३ साली नोंगमिनगोंगांची संख्या २९ कोटी ७५ लाख होती आणि त्यांपैकी १७ कोटी ६६ लाख आपल्या गावपरिसराबाहेर कामाला गेलेले होते. शहरे त्यांनीच बांधली. त्या शहरांतली शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन आणि घर यांवर त्यांचा हक्क किती, हा प्रश्न चाळीस वर्षे थोडा थोडा सुटत आला आहे आणि अजून सुटलेला नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी 'हुकोऊ' ही कुटुंबनोंदणीची पद्धत आहे. ९ जानेवारी १९५८ रोजी तिचा कायदा झाला. प्रत्येक माणसाची नोंद एका ठिकाणी आणि 'शेतकी' किंवा 'बिगरशेतकी' अशा दोनपैकी एका वर्गात होऊ लागली. खेड्यातून शहरात कायमचे यायचे तर शहराच्या कामगार खात्याचा नोकरीचा दाखला, शाळा-कॉलेजातला प्रवेश किंवा शहराच्या नोंदणी कार्यालयाची परवानगी यांपैकी एक हवे होते. १९५४ च्या राज्यघटनेने राहण्याचे ठिकाण बदलण्याचे स्वातंत्र्य दिले होते. कायद्याने ते चार वर्षांतच पोकळ केले आणि १९७५ च्या घटनेतून ती तरतूदच गेली. पोलिसांपेक्षाही परिणामकारक ठरला तो शिधा. शहरात धान्य, तेल, कापड सगळे कूपनांवर मिळे आणि कूपने फक्त शहरी नोंदणीवाल्यांना मिळत. चोरून शहरात आलेल्या माणसाला खायचे काय, हाच प्रश्न पडे. नोंदणी मुलाला आईकडून मिळे. १९९८ पासून ती वडिलांकडूनही घेता येऊ लागली. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे अधिवासाचा दाखला आठवेल. पण तो दाखला ठरावीक वर्षे राहिल्यावर मिळतो. हुकोऊच्या बाबतीत नुसते राहणे, मग ते वीस वर्षांचे का असेना, मोठ्या शहरांत पुरेसे ठरत नाही.

१९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांनी कारखान्यांना माणसे लागू लागली. १९८४ मध्ये स्वतःच्या धान्याची सोय करणाऱ्या शेतकऱ्यांना छोट्या बाजारगावांत राहण्याची मुभा मिळाली. १९८५ पासून सोळा वर्षांवरच्या आणि तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परगावच्या माणसाला 'तात्पुरत्या निवासाचा परवाना' घ्यावा लागे. तो जवळ नसला तर पोलीस उचलून डांबून ठेवत आणि गावी पाठवत. १९८२ च्या 'ताबा आणि परतपाठवणी' नियमांचा मूळ हेतू भिकारी आणि बेघरांना मदत करण्याचा होता. त्यांचे असे रूप झाले.

मार्च २००३ मध्ये हूबेइ प्रांतातला २७ वर्षांचा पदवीधर सुन झिगांग दक्षिणेतल्या ग्वांगजौ शहरात असाच पकडला गेला. नोकरीसाठी नुकताच आलेला, अजून परवाना काढला नव्हता. ताब्यात असताना झालेल्या मारहाणीत तो मेला. ग्वांगजौच्या एका दैनिकाने बातमी छापली, कायद्याच्या तीन तरुण अभ्यासकांनी संसदेकडे अर्ज केला आणि जूनमध्ये पंतप्रधान वेन ज्याबाओ यांनी ते नियम रद्द केले. हजारो नोंगमिनगोंगांना जे भोगावे लागले होते ते एका पदवीधराच्या वाट्याला आले तेव्हा देशाचे लक्ष गेले, हेही नोंदवायला हवे.

खर्च कोणाचा

स्थलांतरितांना सेवा का मिळत नाहीत, याचे उत्तर अनेकदा तुच्छतेत किंवा पूर्वग्रहात शोधले जाते. तेही असतेच. पण खरे कारण हिशेबाच्या वहीत सापडते. चीनमध्ये शाळा, दवाखाने, घरे आणि गरिबांना मदत यांचा बहुतेक खर्च शहर आणि जिल्हा सरकारे करतात, तर १९९४ च्या करसुधारणेनंतर महसुलाचा मोठा हिस्सा केंद्राकडे जातो. बाहेरून आलेल्या कामगाराच्या श्रमातून शहराला उत्पन्न मिळते. त्याचे मूल शाळेत आले की खर्च सुरू होतो. त्याला कामापुरते ठेवणे आणि कुटुंबाला गावी राहू देणे शहराला स्वस्त पडते.

हनान प्रांताची राजधानी जेंगजौने उलट करून पाहिले. २००३ मध्ये तिने नोंदणीची दारे बरीच सैल केली. लोंढा आला, वर्ग भरून वाहू लागले, बसगाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये शहराने माघार घेतली. एकट्या शहराने उदार व्हायचे आणि शेजाऱ्यांनी नाही, तर असेच होणार. केंद्राने २०१६ नंतर निधी आणि जमिनीचा कोटा स्थायिक केलेल्या माणसांच्या संख्येशी जोडायला सुरुवात केली, ती या अनुभवांनंतरच.

शाळा

सगळ्यात जास्त दुखते ते इथे. १९९० च्या दशकात शहरी शाळा परगावच्या मुलांकडून 'उसनी जागा' घेतल्याचे वेगळे शुल्क घेत. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी स्थलांतरितांनीच पत्र्याच्या शेडमध्ये, भाड्याच्या गोदामांत स्वतःच्या शाळा काढल्या. २००१ मध्ये केंद्राने धोरण ठरवले : मुलांची जबाबदारी मुख्यतः ती राहतात त्या शहराची आणि मुख्यतः सरकारी शाळांची. २००८ पासून शहरांतही सक्तीच्या नऊ वर्षांच्या शिक्षणाची फी गेली. आज सरकारी आकड्यांप्रमाणे नव्वद टक्क्यांहून अधिक स्थलांतरित मुले सरकारी शाळांत किंवा सरकारने पैसे मोजलेल्या जागांवर शिकतात. ही प्रगती खरी आहे.

आकड्यात न येणारा भाग कागदपत्रांचा. बीजिंगमध्ये पालकांना 'पाच दाखले' जमवावे लागत : नोकरीचा, घराचा, निवासपरवान्याचा, कुटुंबनोंदणीचा, आणि गावी मुलाला सांभाळणारे कोणी नाही याचा. करार न करणाऱ्या ठेकेदाराकडे काम करणारा आणि पावती न देणाऱ्या घरमालकाकडे राहणारा माणूस पहिल्या दोन दाखल्यांवरच अडकतो. २०११ च्या उन्हाळ्यात बीजिंगने स्थलांतरितांच्या दोन डझन शाळा बंद केल्या वा पाडल्या, तेव्हा त्यांतल्या अनेक मुलांना याच दाखल्यांपायी सरकारी शाळेत जाता येईना.

नववीनंतर भिंत आणखी उंच होते. 'गाओकाओ' ही विद्यापीठप्रवेशाची परीक्षा नोंदणीच्या प्रांतातच द्यायची हा जुना नियम. प्रांताप्रांताच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या, विद्यापीठांच्या जागांचे कोटे वेगळे. शांघायमध्ये जन्मलेली, तिथलीच भाषा बोलणारी मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी आजीआजोबांकडे आन्हुइ प्रांतात परत जाते ती यामुळे. २०१२ मध्ये केंद्राने प्रांतांना स्थलांतरित मुलांसाठी नियम करायला सांगितले. अनेक प्रांतांनी सवलत दिली. बीजिंगने व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती दारे किलकिली केली. त्या वर्षी बीजिंग आणि शांघायच्या स्थानिक पालकांनी सवलतीविरुद्ध केलेला आरडाओरडा पाहिला तर प्रश्न फक्त सरकारचा नाही हेही कळते. आपल्या मुलांच्या जागांत वाटेकरी कोणालाच नको असतात.

दुसरे टोक म्हणजे गावी मागे ठेवलेली मुले. अखिल चीन महिला महासंघाने २०१३ मध्ये त्यांची संख्या ६ कोटी १० लाख सांगितली. २०१६ मध्ये सरकारने व्याख्या आवळली (आईवडील दोघेही बाहेर किंवा एक बाहेर व दुसरा सांभाळण्यास असमर्थ, वय १६ च्या आत) आणि संख्या ९० लाखांवर आली. मुले तेवढीच होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये क्वेइचौ प्रांतातल्या बीजे शहरात थंडीपासून बचाव करायला कचऱ्याच्या पेटीत शिरून कोळसा पेटवणारी पाच मुले गुदमरून मेली. त्यांच्यातल्या काहींचे आईवडील दूर दक्षिणेतल्या शेन्जेन शहरात कचरा वेचत होते.

विमा, पगार, दवाखाना

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये चोंगछिंगच्या डोंगराळ भागात गेलेल्या वेन ज्याबाओ यांना एका शेतकरी बाईने नवऱ्याची २,२४० युआन मजुरी थकल्याचे सांगितले. त्याच रात्री पैसे मिळाले. पंतप्रधान दारात येईल अशी सोय बाकीच्यांना नव्हती. बांधकामात मुकादमाच्या खाली मुकादम, त्याखाली आणखी एक, आणि हिशेब वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, तोंडावर वर्षातून एकदा. या साखळीत मजुरी बुडणे नित्याचे होते. २००८ च्या श्रमकरार कायद्याने लेखी करार सक्तीचा केला आणि मे २०२० पासून नोंगमिनगोंगांच्या मजुरीसाठी स्वतंत्र नियम आले : मजुरीचे वेगळे खाते, पैसे थेट कामगाराच्या बँकेत, आणि ठेकेदार पळाला तर मुख्य कंपनी जबाबदार.

निवृत्तिवेतनाचा विमा नोकरीशी जोडलेला आहे. मालक आणि कामगार दोघे हप्ते भरतात आणि किमान पंधरा वर्षे भरावे लागतात. पूर्वी शहर सोडताना मालकाचा हिस्सा तिथेच राही, म्हणून वर्षअखेरीस शेन्जेनच्या कार्यालयांपुढे आपला वाटा मोडून घेणाऱ्यांच्या रांगा लागत. २०१० पासून आपले खाते आणि मालकाच्या हिश्शापैकी पगाराच्या १२ टक्के रक्कम पुढच्या शहरात नेता येते. तरी हप्ते कमी पगार दाखवून भरले जातात किंवा भरलेच जात नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये दोंगग्वान शहरातल्या यू युएन या प्रचंड बूट कारखान्यात ४० हजारांहून अधिक कामगारांनी याच कारणासाठी संप केला. संपात पुढे होते ते चाळिशीतले लोक, ज्यांना म्हातारपण दिसू लागले होते. नोकरीच्या विम्यात नसलेल्यांना गावाकडचे मूलभूत निवृत्तिवेतन मिळते. त्याची केंद्राने ठरवलेली किमान रक्कम २०२४ मध्ये वाढून महिना १२३ युआन झाली. शहरी कंपनीतल्या निवृत्ताला मिळणारी सरासरी रक्कम हजारांत असते.

आरोग्यविम्याची स्थिती त्यामानाने बरी. खेड्यातल्या विम्याची परतफेड पूर्वी गावी जाऊन बिले दाखवून घ्यावी लागे. २०१७ पासून परप्रांतातल्या रुग्णालयातच भरतीचे बिल वळते होऊ लागले. परतफेडीचे प्रमाण मात्र गावच्यापेक्षा कमी असते.

राहणे आणि मिसळणे

बहुतेक स्थलांतरित राहतात ते 'शहरातल्या गावां'त. शेती शहराने गिळली, पण घरांची जमीन गावकऱ्यांकडेच राहिली. त्यांनी तिच्यावर सहा-सात मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. शेन्जेनमध्ये दोन इमारतींतल्या लोकांना खिडकीतून हात मिळवता येतात म्हणून त्यांना 'हस्तांदोलन इमारती' म्हणतात. २०२० मध्ये शेन्जेनच्या १ कोटी ७६ लाख रहिवाशांपैकी १ कोटी २४ लाख तरत्या लोकसंख्येतले होते. ते या वस्त्यांवाचून राहिले कुठे असते? तरी शहरांना त्या डोळ्यांत खुपतात. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी बीजिंगच्या दाशिंग जिल्ह्यातल्या अशा एका इमारतीला आग लागून १९ माणसे मेली. शहराने ४० दिवसांची सुरक्षामोहीम काढली आणि ऐन थंडीत, काही ठिकाणी तासांच्या मुदतीवर, वस्त्या रिकाम्या केल्या. 'खालच्या दर्जाची लोकसंख्या' हा शब्दप्रयोग तेव्हा गाजला, मग समाजमाध्यमांवरून पुसला गेला.

आधार असतो तो गाववाल्यांचा. खोली, नोकरी, उसने पैसे सगळे त्यांच्याच ओळखीने. बीजिंगच्या दक्षिणेला झेज्यांग प्रांतातल्या वेंजौकडच्या शिंप्यांनी अशीच वस्ती उभारली होती. 'झेज्यांग गाव' नावाच्या त्या वस्तीत स्वतःचे बाजार आणि बालवाड्याही होत्या. १९९५ च्या अखेरीस ती पाडली. काही महिन्यांत माणसे परत आली. स्थानिकांशी संबंध बहुतांशी घरमालक, गिऱ्हाईक आणि साहेब एवढेच येतात. लग्न गावाकडच्याशी, सण गावी. बीजिंगच्या पूर्वेकडच्या पीत्सुनमध्ये कामगारांनी गाण्यांचे पथक, शाळा, साहित्यगट आणि २००८ मध्ये स्वतःच्या इतिहासाचे छोटे संग्रहालय उभे केले. शहरात मिसळण्याच्या सरकारी योजनांपेक्षा तिथे जास्त जीव होता. २०२३ मध्ये ते संग्रहालय बंद झाले.

२०१४ नंतर

जुलै २०१४ मध्ये शेतकी-बिगरशेतकी भेद संपवण्याचा निर्णय झाला आणि दहा कोटी लोकांना २०२० पर्यंत शहरी नोंदणी देण्याचे लक्ष्य ठरले. जानेवारी २०१६ पासून सहा महिने राहिलेल्या आणि स्थिर काम, घर किंवा शिक्षण यांपैकी एक दाखवणाऱ्याला निवासपरवाना मिळतो. त्यावर शाळा, मूलभूत आरोग्यसेवा, वाहनपरवाना वगैरे मिळतात. २०१९ पासून तीस लाखांखालच्या लोकसंख्येच्या शहरांनी नोंदणीवरचे निर्बंध उठवावेत, असे धोरण आहे. जिथे रोजगार दाटीने आहे तिथे मात्र नोंदणी देताना अर्जदाराचे गुण मोजले जातात. बीजिंगची गुणपद्धत २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात सात वर्षांचे विम्याचे हप्ते ही पायरी आहे, आणि पहिल्या वर्षी सुमारे सहा हजार माणसांना नोंदणी मिळाली. शिक्षण आणि घराला गुण असल्याने गवंडी तिच्यात बसतच नाही. पूर्वी भिंत खेडे आणि शहर यांच्यात होती, आता ती लहान आणि मोठ्या शहरांमध्ये सरकली आहे.

लहान शहरांची उघडी दारे लोकांना फारशी खेचत नाहीत, याला जमीनही कारण आहे. गावच्या नोंदणीबरोबर शेतीचा वाटा आणि घराची जागा येते. शहरी नोंदणीसाठी ती सोडायला लावू नये, असे नियम सांगतात. पण विश्वास सगळ्यांना नाही. नोकरी गेली, शरीर थकले, तर परतायला तेवढेच असते. आणि तो दिवस अनेकांच्या जवळ आला आहे. २०२३ मध्ये नोंगमिनगोंगांचे सरासरी वय ४३ च्या पुढे गेले, जवळपास एक तृतीयांश पन्नाशी ओलांडलेले होते. शांघायसह काही शहरांनी साठीपुढच्या पुरुषांना आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांना बांधकामावर घ्यायला मनाई केली आहे. ज्यांचे विम्याचे हप्ते भरले गेले नाहीत ते मग रखवालदारी, साफसफाई किंवा करारावाचूनचे रोजंदारीचे काम शोधतात.