असाइनाची खिंड: मऊ दगडाचं देणं-घेणं

असाइना योशिहिदे या योद्ध्याने जपानमधली ही खिंड एका रात्रीत फोडली, अशी दंतकथा आहे. खिंडीला नावही त्याचंच. पण १२१३च्या लढाईनंतर त्याचा ठावठिकाणा लागत नाही आणि खिंडीचं काम सुरू झालं १२४१ मध्ये!

जपानची तेव्हाची सत्ताराजधानी कामाकुरा. तीन बाजूंना डोंगर, चौथीकडे उथळ समुद्र. मोठ्या जहाजांना सोयीचं मुत्सुरा बंदर पूर्वेच्या डोंगरापलीकडे होतं. मीठही तिकडूनच यायचं. म्हणून कारभारी होजो यासुतोकी याने डोंगर कापायला घेतला. तो स्वतः कामावर आला आणि त्याने आपल्या घोड्यावरून दगडमाती वाहून नेली, असं त्या काळच्या बखरीत आहे.

घोडा महत्त्वाचा का, ते हिशेबात कळतं. समजा ४ मीटर रुंद, १० मीटर खोल आणि ५० मीटर लांब खाच पाडायची आहे. २,००० घनमीटर दगड निघेल, म्हणजे ढोबळमानाने ३,६०० टन. एका घोड्यावर १०० किलो लादले, तर ३६,००० खेपा. खोदण्याइतकीच डोकेदुखी राडारोडा हलवण्याची.

खोदणं त्यामानाने सोपं, कारण इथला खडक म्हणजे समुद्रतळाशी साचलेली वाळू, गाळ आणि ज्वालामुखीची राख. कण एकमेकांना जेमतेम चिकटलेले. त्यामुळे छिन्नी सहज चालते, तरीही जवळजवळ उभी कापलेली भिंत तग धरते.

मात्र हाच मऊपणा पुढे नडतो. चिखलदगडाचा थर ओला होऊन वाळला, पुन्हा ओला झाला की त्याचे पापुद्रे सुटतात. वरचा वाळूदगड टिकाऊ. खालचा थर झिजला की तो छज्ज्यासारखा पुढे येतो आणि एक दिवस कोसळतो. झाडांची मुळं फटीत शिरून पाचरीचं काम करतात, ते वेगळंच.

खरा शत्रू पाणी. डोंगर कापला की आत मुरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. ते भिंतीतून पाझरतं आणि वाटेवर पसरतं. म्हणून आठवडाभर कडक ऊन पडलं तरी इथली वाट निसरडीच असते. कडेचा चर पालापाचोळ्याने तुंबला की वाटेचाच ओढा होतो. चिखल खरवडून वाट साफ करावी, तर तळ आणखी खाली जातो, पाण्याच्या आणखी जवळ.