गुस्ताव तिसऱ्याचं लग्न (टीव्ही मालिका)

स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीने २००१ मध्ये दाखवलेली ऐतिहासिक मालिका. दिग्दर्शक मार्कुस ओल्सन, अठराव्या शतकातला स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा झालाय योनास कार्लसन आणि राणी सोफिया माग्दालेना झालीये ईबेन यायले, जी स्वतः डॅनिश आहे, आणि राणीपण डेन्मार्कचीच, त्यामुळे कास्टिंग एकदम बरोबर.

हा राजा म्हटलं की लोकांना त्याचा खूनच आठवतो. १६ मार्च १७९२ ला स्टॉकहोमच्या ऑपेरा हाऊसमध्ये मुखवटे घालून नाचगाणं चालू असताना आंकरस्ट्रम नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने मागून पिस्तूल झाडलं, जखम चिघळली आणि २९ मार्चला राजा गेला. यावर इटालियन संगीतकार व्हेर्दीने ऑपेरा केला, पण राजाचा खून स्टेजवर दाखवायला सेन्सॉर तयार नव्हतं म्हणून १८५९ मध्ये तो आला तेव्हा कथा थेट बॉस्टनला नेलेली होती. मालिकेचा भर मात्र, नावातच आहे तसं, लग्नावर.

आणि लग्न होतंही तसंच विचित्र. दोघं पाच वर्षांची असताना सोयरीक ठरली, कारण डेन्मार्कशी शांतता हवी होती, लग्न १७६६ मध्ये. नवऱ्याची आई लोविसा उल्रिका, म्हणजे प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याची सख्खी बहीण, तिला डॅनिश सून नकोच होती आणि तिने सुनेला जो त्रास दिला त्यापुढे आपल्या सासू-सुनेच्या सिरियली काहीच नाहीत. नवरा-बायको जवळपास नऊ वर्षं लांबच राहिले. शेवटी राजाने आपला विश्वासू अश्वाधिकारी मुंक याला मध्ये घातलं, त्याने दोघांना प्रत्यक्ष शिकवलं म्हणे, आणि नोव्हेंबर १७७८ मध्ये मुलगा झाला. झालं, मूल मुंकचंच अशी कुजबुज सुरू झाली, आणि ती पसरवण्यात खुद्द आजी पुढे! राजाने आईशी संबंध तोडले ते १७८२ मध्ये ती मरणाच्या दारात असेपर्यंत.

खरं खोटं काय ते कधीच सिद्ध झालं नाही. तो मुलगा बापाच्या खुनानंतर १३ व्या वर्षी गुस्ताव चौथा आडॉल्फ म्हणून गादीवर बसला आणि १८०९ मध्ये, तोवर स्वीडनकडे असलेलं फिनलंड रशियाच्या घशात गेल्यावर, त्याच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला अटक करून पदच्युत केलं.