मण्यारीचा दंश आणि मज्जासंस्था : पार्श्वभूमी

पावसाळा लागला की मराठवाड्यात शेतातल्या आखाड्यावर, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्यांना 'पान लागल्याच्या', म्हणजे साप चावल्याच्या घटना सुरू होतात. त्यात मण्यारीचा दंश वेगळा. मेंदू आणि मज्जारज्जू धड असताना माणूस दगावतो, कारण घाव बसतो तो मज्जातंतूचं टोक आणि स्नायू जिथे भेटतात तिथे.

या जागेचं महत्त्व कळायला वेळ लागला. 1850 च्या दशकात दक्षिण अमेरिकेतलं बाणांना लावायचं विष बेडकावर वापरून पाहिलं, तेव्हा तंतू शाबूत, स्नायूही शाबूत, पण हालचाल बंद, असं दिसलं. 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगातून तंतूचा निरोप रसायनामार्फत पोचतो हे पुढे आलं. ॲसिटिलकोलीन हे त्या रसायनाचं नाव. 1963 मध्ये तैवानमधल्या मण्यारीच्या विषाचे घटक वेगळे काढले गेले. त्यातला एक स्नायूवरची ॲसिटिलकोलीनची जागा अडवतो, दुसरा थेट तंतूचं टोकच निकामी करतो.

आपल्याकडच्या उपचारांचा सगळा घोळ या दुसऱ्या घटकाभोवती आहे. नागाचं विष मुख्यतः स्नायूच्या बाजूला अडतं, म्हणून निओस्टिग्मीन या ॲसिटिलकोलीन टिकवून धरणाऱ्या औषधाने रुग्णाला बऱ्याचदा उतार पडतो. मण्यारीच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही. एकदा टोकाची मोडतोड झाली की प्रतिविषही ती भरून काढत नाही.

वाद आहे तो प्रतिविष कधी द्यायचं यावर. देशभर स्वीकारलेल्या पद्धतीत नुसता दंश पुरेसा नाही, विषबाधेची लक्षणं दिसली पाहिजेत. घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या औषधाची जोरदार रिॲक्शन येऊ शकते, बिनविषारी दंशही पुष्कळ असतात, त्यामुळे नियमाला आधार आहे. पण मण्यार चावल्याची खूण पुष्कळदा दिसतही नाही. रक्त कोऱ्या काचनळीत 20 मिनिटं ठेवून गोठतं का ते पाहतात. घोणस, फुरसं यांच्यासाठी ही तपासणी उपयोगाची, मण्यारीत मात्र रक्त व्यवस्थित गोठतं. ते पाहून नातेवाईक निर्धास्त होतात. पहाटे पोटात दुखतंय, गिळता येत नाही, पापण्या उचलत नाहीत, ही तक्रार घेऊन आलेल्या पोराला अपचन समजून घरी पाठवलं, तर पुढचे काही तास जिवावर बेततात. नियम चुकीचा नाही. दंशाची शंका असेल तर 24 तास ठेवून घेण्याची त्याची दुसरी अट खाटांअभावी गळून पडते, हे खरं दुखणं आहे.

पूर्ण लुळा पडलेला, बाहुल्या विस्फारलेला रुग्ण मेंदूने मेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो, आजूबाजूची रडारड ऐकत असू शकतो. अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीने), मग व्हेंटिलेटरने श्वास चालू ठेवला तर टोकं पुन्हा धरतात आणि काही दिवसांनी माणूस उठून बसतो.

2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. 2017 मध्ये जागतिक पातळीवर सर्पदंश दुर्लक्षित आजारांत धरला गेला. 2024 मध्ये केंद्राचा कृती आराखडा आला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरले, आणि प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं गेलं. नोंद हवीच. पण रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला शिवारात उतरणाऱ्या मराठवाड्यासाठी त्याहून आधी हवा तो तालुक्याच्या दवाखान्यात चालू स्थितीतला व्हेंटिलेटर आणि मध्यरात्री श्वासासाठी नळी घालू शकणारा डॉक्टर.